दुसरी फ्रेम

एलिसो आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती,
आणि तिचा कॅमेरा तिच्याहून म्हातारा.
मी विचारलं, झाडू मारता येतो?
म्हणाली, येतो. आवडत नाही.
ठेवून घेतली.

आमच्या चियातुरात मँगनीज निघतं.
नदी काळी, खिडक्यांच्या कडा काळ्या,
नवरीचा पांढरा झगाही चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत
राखाडी.
माझ्या दुकानातली एक भिंत तेवढी पांढरीशुभ्र,
सरकारी नियमाप्रमाणे.
हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत,
बटण दाबेपर्यंत पापणी हलवायची नाही.
तीस वर्षं मी या गावाला
न हसता परदेशी पाठवतोय.

सुट्टीच्या दिवशी ती डोंगरावर जायची,
बंद पडलेल्या रोपवेचे गंजके पाळणे टिपायला.
सगळेच टिपतात. लांबलांबून येतात त्यासाठी.
त्यातले चाळीस निवडून
ती तिबिलिसीला गेली, एका मासिकाच्या संपादकाकडे,
माझ्या बायकोचा कोट घालून.
शेवटच्या मिनीबसने परतली.
काय म्हणाला?
म्हणाला, गंज छान आहे. अजून गंज आण.
मी म्हटलं, मग आण की,
गंजाला काय तोटा आपल्याकडे!
ती लेन्स पुसत बसली, स्वच्छच होती ती.
मग म्हणाली, ओतारकाका,
गंज माझ्याआधीपासून आहे.
त्याला माझी गरज नाही.

मार्चमध्ये गुलनाझी आली.
बावन्न वर्षांची, शाळेत भूगोल शिकवायची,
इटलीत कुणा म्हातारीचं अंथरूण-पांघरूण करायला निघालेली.
बारी शहर तिनेच पोरांना दाखवलं होतं
नकाशावर, पट्टीच्या टोकाने.
एलिसोने बटण दाबलं. 'झालं,' म्हणाली.
आणि 'झालं' ऐकताच
गुलनाझीचे खांदे खाली आले,
हात केसांतल्या पिनेकडे गेला,
ओठ किंचित सुटले,
आणि डोळे, ते या दुकानात नव्हतेच.
तेवढ्यात पुन्हा खट्.
मला वाटलं, चुकून दाबलं पोरीने.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.
पहिली फ्रेम सरकारची,
दुसरी विचारून ठेवून घ्यायची.
कुणी नको म्हटलं तर त्याच्यासमोर पुसायची.
खाणीतला झुराब नको म्हणाला,
आठवड्याने परत आला, काढ म्हणाला,
पण आता तो तयारीत होता,
म्हणून जमलाच नाही तो फोटो, चार वेळा काढूनही.

हिवाळा लागेपर्यंत दोनशे अकरा झाले.
रात्री शटर ओढून ती फरशीवर मांडायची
आणि नुसत्या मोज्यांनी त्यांच्यामधून चालायची,
वाकून एखादा उचलायची, दुसरीकडे ठेवायची.
मी दारातून पाहिलं.
हीच माणसं. हेच स्टूल.
आणि तीस वर्षं, दरवेळी,
'झालं' म्हणताच
मी पावती फाडायला वळलो होतो.

आता तिला लाइपझिगला शिकायला जायचंय.
ते नाही झालं तर वॉर्सा.
तिशीच्या आत स्वतःचं पुस्तक,
कडक बांधणीचं, पाठीवर नाव.
हळू बोल, म्हटलं, भिंत ऐकते.
ऐकू दे की, म्हणाली.

अर्जाला फोटो लागतो. तिचाही.
मी काढतो म्हटलं तर ऐकेना,
टायमर लावून स्वतःच बसली.
पहिला ठीक: कान दिसतात, हसू नाही.
दुसऱ्याला मात्र तिला दम निघाला नाही.
कसा आलाय बघायला आधीच उठली.
त्यात रिकामं स्टूल आहे,
आणि कडेला हललेलं कोपर.
फुकट गेला, म्हणाली.

काउंटरच्या काचेखाली ठेवलाय मी तो,
दरपत्रकाशेजारी.
गिऱ्हाइकं वाकून बघतात. हा कुणाचा?
आधी बसा, म्हणतो मी.
कान दिसू द्या.